खोकला आदल्या दिवशी कळवावा

आमच्या बिल्डिंगमध्ये खोकला एक दिवस आधी कळवावा लागतो. सर्दीचंही तसंच. पोटदुखीला थोडी सवलत आहे, पण तीसुद्धा संध्याकाळच्या आत सुरू झाली तर. अचानक आजारी पडायची आमच्याकडे सोय नाही. ज्यांना तशी हौस असेल त्यांनी सरळ नाक्यावरच्या डॉक्टरकडे जावं.

हा नियम सोसायटीच्या कमिटीने केलेला नाही. कमिटीचे नियम आमच्याकडे कुणी पाळत नाही. हा नियम तिसऱ्या मजल्यावरच्या घाडीकाकांचा आहे.

डोंबिवलीला राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता आणि आमची मुलगी खोकायला लागली. समोरच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "तुमच्या डोक्यावरच तर घाडीकाका राहतात. त्यांच्याकडे अडुळसा आहे. पण आज नाही मिळायचा हं." मला वाटलं, संपला असेल. तरी गेले वर. दार उघडलं ते अर्धी चड्डी आणि बनियन घातलेल्या, गळ्यात दोरीने कात्री अडकवलेल्या एका काटकुळ्या म्हाताऱ्याने. त्याच्या मागे बाल्कनीच्या ग्रिलमध्ये इतकी हिरवळ होती की पलीकडची सी विंग दिसतच नव्हती. अडुळसा तर समोरच उभा, पानांनी लगडलेला.

"काका, अडुळशाची चार पानं मिळतील का? मुलीला खोकला झालाय."

"आज मिळाची नाय. उद्या सकाळी ये."

"अहो, पण ती काय समोर दिसतायत."

"दिसतत. पण तेका सांगलंय खय? तुज्या घरात कोणी न इचारता येवन फ्रीज उघडल्यान, तर चलात तुका?"

फ्रीजचा मुद्दा मला पटला. आमच्याकडे नणंद आली की हेच करते.

मग मला बाल्कनीत नेऊन अडुळशासमोर उभं केलं. काकांनी कुंडीत चिमूटभर तांदूळ ठेवले, हात जोडले आणि मला बजावलं, "मी थांबलंय काय तू 'व्हय म्हाराजा' म्हणूचा. मोठ्यान. झाडाक कमी आयकाक येता." आणि सुरू झाले.

"बा अडुळशा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. नगरकडची बाई मी, जन्मात पहिल्यांदा मालवणी बोलले ती एका झाडाशी.

"खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड इला हा, तेंच्या चेडवाक खोकलो झालो हा..."

"व्हय म्हाराजा."

"तेका तुजी चार पाना होयी आसत. उद्या सकाळी तुका हात लावतलंय, तेचो राग मानू नको..."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो काय खोकलो आसात, तो शीळफाट्याच्या पलीकडे नेवन टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे मी जरा जोरातच ओरडले. शीळफाट्याचं ट्रॅफिक ज्याने बघितलंय त्याला कळेल, तिथे गेलेलं काही लवकर परत येत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. काकांच्या घराण्याकडे गावात गाऱ्हाण्याचा मान. काका पोटासाठी डोंबिवलीला आले, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत आयुष्य काढलं आणि रिटायर झाले. गावचं देऊळ गावात राहिलं, मान भावाकडे गेला. मग काकांनी बाल्कनीतल्या झाडांना गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. औषधाच्या झाडाला आदल्या दिवशी आमंत्रण द्यायचं ही जुन्या वैदूंची रीत आहे म्हणे. आमंत्रणाला काकांनी गाऱ्हाणं जोडलं, आणि गाऱ्हाण्याला आम्हाला.

त्यांच्या झाडांची घरंही बघण्यासारखी. तुळस रंगाच्या डब्यात, गवती चहा फुटक्या बादलीत, कोरफड प्रेशर कुकरमध्ये, आणि ब्राह्मी मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात. माती आणायला काका टिटवाळ्याच्याही पुढे, खडवलीला नदीवर जायचे आणि मुलाच्या जुन्या लॅपटॉपच्या बॅगेत भरून आणायचे. त्या बॅगेवर मुलाच्या कंपनीचं नाव होतं, त्यामुळे स्टेशनवर लोक त्यांना मोठा साहेब समजत.

खत एकच. बांगडे धुतलेलं पाणी. त्या वासावरून मी एकदा तक्रार घेऊन गेले, "काका, तुळशीलासुद्धा मासळीचं पाणी?"

काका भयंकर दुखावले. "तुळशीक? गो, ती शाकाहारी! तिका तांदळाचा धुवण. बांगडो फक्त अडुळशाक आवडता."

वर माणसांना दम वेगळा असायचा. "चार दिसात नाय गेलो खोकलो, तर डॉक्टराकडे जा. अडुळशाक दोष लावशीत तर याद राख."

माझा नवरा मिलिंद कल्याणला शाळेत विज्ञान शिकवतो. आम्ही बौद्ध. नवस, अंगारा, गाऱ्हाणं यांतलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यात हा विज्ञानाचा मास्तर. "प्रमाण काय?" हा त्याचा कायमचा प्रश्न. भाजीत मीठ जास्त झालंय असं मी म्हटलं तरी तो विचारतो. मी वर जाऊन झाडापुढे ओरडून आले हे कळल्यावर तो दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलला. पण वर्गात बोलून बोलून एकदा त्याचा घसा असा बसला की पालकसभेत हातवारे करायची वेळ आली. मग गेला गुपचूप वर. मीही गेले मागोमाग, असली मजा कोण सोडतं?

"काका, मी पानं घेईन," मिलिंद घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण मी कुणाला म्हाराजा म्हणणार नाही. ते माझ्या तत्त्वात बसत नाही."

मला वाटलं, आता भडका उडणार. काकांनी गळ्यातली कात्री दोनदा उघडली, दोनदा मिटली.

"बरा," ते म्हणाले. "तू नुसता 'व्हय' म्हण. म्हाराजा मी म्हणतंय."

मिलिंद हरकत शोधत राहिला, पण सापडेना. जिना उतरताना मला म्हणाला, "माझा घसा बसलाय हे विधान खरं आहे. खऱ्या विधानाला होकार द्यायला काही हरकत नाही." तेव्हापासून तो वर गेला की दोघं मिळून एक होकार पुरा करत. मास्तर 'व्हय' म्हणायचे, काका लगेच 'म्हाराजा' जोडायचे.

या सगळ्या कारभारात मुख्य होकार मात्र घाडीकाकूंचा. काका त्यांना नावाने हाक मारत नाहीत. मुलगा प्रमोद, म्हणून काकू म्हणजे 'पम्याची आवस', पम्याची आई. काकू कधी बाल्कनीत येत नसत. त्या स्वयंपाकघरात मासे तळता तळता तिथूनच 'व्हय म्हाराजा!' ठोकायच्या, आणि तो इतका बरोबर वेळेवर की काकांचं वाक्य संपायची वाट बघायचीसुद्धा गरज नसे. कधी भांडण झालेलं असलं की तोच होकार भांडं आपटून यायचा. खाली आम्हाला बिनतिकीट ऐकू यायचं. संध्याकाळी सातला टीव्हीवरच्या मालिका आणि वरचं गाऱ्हाणं एकदमच सुरू व्हायचं, आणि खरं सांगायचं तर गाऱ्हाण्याची गोष्ट जास्त पुढे सरकायची.

मग प्रमोदला मुलगा झाला. प्रमोद आणि त्याची बायको दोघंही नोकरीला, घर ठाण्याला घोडबंदर रोडवर, एका टॉवरमध्ये खूप वर. दोन महिन्यांसाठी म्हणून काकू नातवाला सांभाळायला गेल्या. नातू रांगायला लागला, चालायला लागला, तरी काकूंचे दोन महिने संपेनात. काकांनाही प्रमोद बोलवायचा. काका एकदा राहून आले.

"कसं आहे घर?" मी विचारलं.

"घर बरा आसा. पण बाल्कनीक काच. माती आणलंय तर खाली वॉचमन बॅग तपासता. थय रवान मी काय करू? लिफ्टीक गाऱ्हाणा घालू?"

काकू गेल्यावर पहिल्या आठवड्यात काकांनी फोनवरून काम भागवून बघितलं. सावंतवहिनींना सर्दी झालेली. मोबाईल स्पीकरवर टाकून तुळशीच्या डब्याला टेकवून ठेवला. पण घोडबंदरहून काकूंचा होकार दोन वाक्यं उशिरा पोचत होता. "ह्या बायचा नाक मोकळा कर" म्हटलं तर शांतता. काका गोंधळले. "तुळशीमाय, तू रागावलंस तर नाय?" असं विचारलं, आणि नेमका त्याच वेळी फोनमधून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

काकांनी फोन बंद केला. "मोबायलचो होकार झाडाक पोचणा नाय," असा निकाल दिला. तेव्हापासून ज्याचा खोकला त्याच्या एकट्याचाच होकार.

एकदा त्यांच्या टेबलावर मेडिकलमधल्या खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली. मी उडालेच. "काका, तुम्ही? घरात अडुळशाचं जंगल आणि तुम्ही बाटली पिता?"

"माज्यासाठी गाऱ्हाणा मी घालतलंय," काका म्हणाले, "पण व्हय कोण म्हणतला? पूर्वी पम्याची आवस म्हणा होती." आणि बाटलीतलं औषध चमच्यात ओतून, तोंड वाकडं करून प्यायले. मी हसत खाली आले. विनोदी माणूस, एवढंच तेव्हा वाटलं.

आता आमच्या हॉलमधल्या डागाकडे येते. काका झाडांना पाणी घालत, आणि ते पाणी आमच्या हॉलच्या छतावर उतरत असे. मिलिंद दर महिन्याला स्टुलावर चढून त्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारायचा. प्रमाण हवं ना! रेघा वाढत वाढत पंख्यापर्यंत पोचल्या तेव्हा त्याने सेक्रेटरी पाटणकरांना छत दाखवलं. पाटणकरांना बैठक घ्यायला कारणच हवं असतं.

बैठकीत पाटणकर म्हणाले, "घाडीकाका, तुमचं नॉलेज आपण वेस्ट करायचं नाही. सगळ्या कुंड्या गच्चीवर शिफ्ट करू. वॉटरप्रूफिंग नवीन आहे. प्रॉपर हर्बल गार्डन! प्रत्येक झाडाला पाटी. ज्याला जे लागेल ते त्याने कधीही जाऊन घ्यावं. तुम्हाला त्रास नको."

टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, आमचं छत वाचत होतं. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. वाटलं, आता गळ्यातली कात्री निघणार. काका नुसतं म्हणाले, "माका तरास नव्हतो." पण टाळ्यांमध्ये ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

रविवारी पोरांनी कुंड्या वर नेल्या. अडुळसा तेवढा राहिला. त्याच्या फांद्या ग्रिलमध्ये अशा गुंतल्या होत्या की तो काढायचा तर ग्रिल कापावी लागली असती. "एकटा अडुळसा किती गळणार?" पाटणकर म्हणाले आणि विषय मिटला.

हर्बल गार्डन किती टिकलं म्हणता? पाटणकरांनी ग्रुपवर फोटो टाकले, त्यांच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग बी विंगच्या कॉलेजकन्यकांना कळलं की कोरफड केसांना चांगली असते. कोरफड आठवड्यात संपली, कुकर राहिला. गवती चहा चहात गेला, हे त्यातल्या त्यात बरं. पुढच्या रविवारी मॅच होती. ओव्याच्या पानांची भजी फर्मास होतात ही माहिती कुणी ग्रुपवर टाकली देव जाणे, पण मध्यंतरापर्यंत ओव्याचं झाड नुसतं काड्यांवर आलं होतं. भजी आमच्याकडेही आली. मिलिंदने दोनदा घेतली. तुळशीला मात्र कुणी हात लावला नाही आणि पाणीही घातलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा घालत असेल.

काका एकदा गच्चीवर जाऊन बघून आले. मी जिन्यात भेटले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. पण म्हणाले, "झाडांनी बोलावल्यानी नाय, तरी सगळे जेवन गेले." आणि दार लावून घेतलं.

आमच्या छताचा डाग सुकायला लागला. नवीन रेघ मारायची गरज उरली नाही. घर कसं छान कोरडं आणि शांत झालं. फारच शांत, हे माझ्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. आता वर जायचं कुणाला कारणच नव्हतं. पूर्वी प्रत्येक खोकल्याला काकांची बेल दोनदा वाजायची, एकदा संध्याकाळी सांगायला आणि एकदा सकाळी न्यायला. त्यात पाच मिनिटं बसणं, नातवाचे फोटो बघणं, काळा चहा, नको म्हटलं तरी हातावर खोबऱ्याची वडी. हे सगळं आता पाटी वाचून भागत होतं.

मग वरून खोकला ऐकू यायला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभर. जिन्यात मी विचारलं तर काका म्हणाले, "तसो काय नाय. हवा बदलली हा." मी सूप करून पाठवलं, ते भांडं घासून परत आलं, आत एक खोबऱ्याची वडी घालून.

त्या दिवशी संध्याकाळी मिलिंद खिडकीजवळ बसून सहावीच्या चाचणीचे पेपर तपासत होता. मी पोळ्या लाटत होते. सात वाजून गेले असतील. आणि वरून, किती दिवसांनी, तो आवाज आला. बसलेला, खरखरीत.

"बा अडुळशा म्हाराजा..."

आणि पुढे काही नाही. होकाराची जागा नुसती मोकळी पडून राहिली.

मी लाटणं थांबवलं.

"तुजो हो घाडी, आज तेकाच खोकलो झालो हा..."

पुन्हा तेवढीच जागा मोकळी. वर दुसरं कुणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं आणि काकांनाही. तरी ते थांबत होते. स्वयंपाकघरातून कुणी बोलेल, इतका वेळ थांबत होते.

"तेका तुजी चार पाना होयी आसत..."

या वेळी त्यांनी स्वतःच होकार भरायचं ठरवलं असावं. कारण "व्ह" एवढंच ऐकू आलं आणि खोकल्याची मोठी उबळ आली. पिठाचे हात तसेच घेऊन मी वर पळणार होते.

तेवढ्यात मिलिंदने लाल पेन खाली ठेवलं. उठला, खिडकीच्या ग्रिलमधून जमेल तेवढं डोकं बाहेर काढलं, आणि मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात ओरडला,

"व्हय!"

सी विंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या.

"कोण ता?" वरून काकांनी विचारलं.

"मी! खालचा! म्हाराजा तुमचं तुम्ही म्हणा!"

मग वरून आलं, "म्हाराजा." ते इतकं हळू होतं की झाडाला ऐकू गेलं नसणार.

आणि मग गाऱ्हाणं जे सुटलं ते संपेना. इतक्या दिवसांची बाकी होती. चार पानांची परवानगी झाली, खोकल्याची शीळफाट्यापलीकडे बोळवण झाली. मग काकांनी कोरफडीचं दुःख सांगितलं. व्हय. ओव्याची भजी खाणाऱ्यांना माफ करायला सांगितलं. इथे मिलिंद किंचित अडखळला, पण व्हय. नातवाच्या दातांसाठी, प्रमोदच्या बायकोच्या कंबरेसाठी, पाटणकरांना थोडी अक्कल येण्यासाठी. या शेवटच्याला सावंतवहिनींच्या खिडकीतूनही एक होकार आला. "आणि खालच्या मास्तराच्या छपराक ज्या पाण्यान तरास दिल्यान, त्या पाण्याक शिक्षा कर रे म्हाराजा!" व्हय! वर छत होतं, त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, आणि आमचा प्रमाण मागणारा माणूस एकाही वाक्याला प्रमाण मागत नव्हता.

शेवटी काका थांबले. वाटलं, संपलं. मिलिंद डोकं आत घेणार, इतक्यात वरून पुन्हा आवाज आला. आता त्यात गाऱ्हाण्याचा सूर नव्हता.

"आणि म्हाराजा, थय घोडबंदराक पम्याची आवस आसा. तिका सांग, हय व्हय म्हणणारो एक गावलो. बरो आसा. पण तुज्यासारखो नाय."

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मिलिंद ग्रिलला धरून तसाच उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. हे एक जरा उशिरा आलं.